शंभरात एकतीस

गोणपाटाची गुंडाळी उलगडताना बियाणेताईने श्वास धरून ठेवला होता, आणि उलगडून झाल्यावर तो सोडायचं ती विसरली. दहा ओळी, ओळीत भाताचे दहा-दहा दाणे, सहा दिवस ओल्या गोणपाटात निजवलेले. एव्हाना शंभरातल्या ऐंशी दाण्यांना तरी पांढरे मोड फुटायला हवे होते. तिने मोजले. एकतीस. मग शेवटच्या ओळीकडून उलटं मोजलं, जणू दाणे म्हणजे वर्गातली पोरं होती आणि एखादं बाकाखाली लपलं असेल. एकतीसच.

बाकीचे फुगून बुळबुळीत झाले होते. काहींवर करडी बुरशी धरली होती. बोट लावलं की आतून पाणी येत होतं.

बियाणेताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पूर ओसरल्यावर संस्थेने तिला या गावात बी गोळा करायला पाठवलं आणि पहिल्याच आठवड्यात हे नाव तिला चिकटलं. तिची दहा महिन्यांची लेक सोबत आली, तिचंही गावाने बारसं उरकून टाकलं: भिंगरी. कारण ती पुढे रांगायची कमी आणि जागच्या जागी गोल फिरायची जास्त.

कामाची कल्पना साधी होती. पुराच्या पाण्याने घराघरांतल्या कणग्या भिजवल्या होत्या. थोडंफार बी वाचलं होतं, पण ते ज्याच्या त्याच्या घरी राहिलं तर बुरशी, उंदीर आणि भूक या तिघांपैकी कुणीतरी ते खाणार. म्हणून सगळ्यांनी ते खडखडीत वाळवून एकाच पिंपात घालायचं, झाकण घट्ट लावायचं, आणि पेरणीच्या वेळी सारखं वाटून घ्यायचं. शाळेच्या मागच्या खोलीत ते मोठं निळं पिंप उभं होतं. एक्केचाळीस घरांचं बी त्यात एकमेकांत मिसळलं होतं. फळ्यावर बियाणेताईने स्वतःच्या हाताने ठळक लिहिलं होतं: ‘एक गाव, एक पिंप.’

पेरणीला जास्तीत जास्त बारा दिवस हातात होते. त्यानंतर पेरलेल्या भाताची लोंबी थंडीत सापडते आणि दाणा भरतच नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

“काय ताई, किती पोरं पास झाली?” दारातून आवाज आला.

ही रेडिओ. गावाच्या वरच्या अंगाला राहणारी, हसतमुख, कामाला वाघ. पण तिच्या कानात पडलेली गोष्ट तोंडावाटे बाहेर पडायला वेळ लागत नसे. बियाणेताईने गोणपाटाची घडी घालायला घेतली, तोवर रेडिओ आत येऊन वाकलीसुद्धा होती.

“अगं बाई! हा तर सगळा वर्गच नापास!”

“थांबा हो, अजून एकदा बघायचंय. कुणाला सांगू नका इतक्यात.”

“मी? मी कशाला कुणाला सांगतेय!” रेडिओ म्हणाली, आणि पाण्याची कळशी विहिरीवर ठेवेपर्यंत तिने चार जणींना सांगितलं. दुपारपर्यंत गावाला कळलं की बी मेलं. संध्याकाळपर्यंत ते कुणी मारलं, तेही कळलं.

कुलूपकाकूंनी.

कुलूपकाकू एकट्या राहत. त्यांच्या घरात दाराला कुलूप, पेटीला कुलूप, कोंबड्यांच्या खुराड्यालाही कुलूप. गाव म्हणे, काकूंना शिंक आली तरी आधी त्या किल्ली शोधतात. त्यांच्याकडे भाताची एक जुनी जात होती, उंच वाढणारी, आठ-आठ दिवस पाण्यात उभं राहूनही न कुजणारी. इतरांनी ती कधीच सोडली होती, कारण तिचा एकरी उतारा कमी. काकूंनी ती धरून ठेवली, राखेत घोळून, मडक्यांत भरून, आढ्याला टांगून. पुराचं पाणी आढ्यापर्यंत पोहोचलं नाही.

सगळ्यांनी पिंपात बी घातलं तेव्हा काकू एकट्याच नाही म्हणाल्या. “माझं बी माझ्या घरात बरं आहे. त्याला गर्दी सोसत नाही.” बियाणेताई अकरा दिवस त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. वाद घातला नाही, नुसती बसायची. भिंगरी तिच्या पुढ्यात गोल गोल फिरत एक दिवस काकूंच्या पायाशी जाऊन थडकली. आधी पोर काकूंच्या मांडीवर गेली, मग काकूंचं बी पिंपात आलं. थोडंथोडकं नव्हे, अख्ख्या पिंपातला जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांचा होता. एका मडक्याच्या बुडाशी चार मुठी तेवढ्या त्यांनी मागे ठेवल्या. त्या दिवसापासून बियाणेताई कामाला निघाली की भिंगरी काकूंकडे. काकू तिला किल्ल्यांचा जुडगा खेळायला देत. तो त्या आजवर कुणाच्या हाती देत नसत.

आणि आता विहिरीवर बायका बोलत होत्या.

“तिचं बी बघितलं होतं ना? काळपट, राखेने माखलेलं. आमचं कसं सोन्यासारखं चमकत होतं. दाताखाली धरलं की कट्!”

“मनातून द्यायचंच नव्हतं तिला. जुनंपानं कुजकं काढून दिलं, अजून काय!”

“आणि एका नासक्याने सगळं नासलं.”

बियाणेताई पाणी भरायला गेली होती. तिला पाहून बोलणं थांबलं नाही, उलट रेडिओने तिलाच साक्षीला ओढलं. “खरं की नाही ताई? सगळ्यांत शेवटी आलेलं बी तेच ना?”

‘नाही’ म्हणायला बियाणेताईकडे तेव्हा पुरावा नव्हता. ‘हो’ म्हणायला तर अजिबातच नव्हता. ती म्हणाली, “बघू... बघावं लागेल.”

त्या ‘बघू’ला विहिरीवरून गावात शिरेपर्यंत पाय फुटले. बियाणेताईसुद्धा तेच म्हणाली, असं झालं.

दिवेलागणीला ती भिंगरीला आणायला निघाली, तर काकूच वाटेत भेटल्या. कडेवर भिंगरी, तिच्या मुठीत जुडगा. काकूंनी एकेक बोट सोडवून जुडगा काढून घेतला आणि पोर बियाणेताईच्या कडेवर दिली. भिंगरीने ओठ काढला.

“उद्यापासून हिला दुसरीकडे ठेव,” काकू म्हणाल्या. “माझ्या हाताला नासकं बी लागलंय म्हणे.”

“काकू, मी असं कुठे म्हटलं...”

“तू काहीच नाही म्हटलंस. ऐकलं मी.”

त्या वळून निघूनही गेल्या. कडेवरची पोर त्यांच्या पाठीकडे हात करून रडत राहिली आणि बियाणेताईला वाटलं, रडायला तरी हिला येतंय.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला पाठीशी बांधून ती आधी रेडिओकडे गेली. पिंपात घातलेल्यातलं काही उरलंय का, म्हणून विचारलं.

“आहे की. कोंबड्यांसाठी ठेवलेलं, डबाभर.” रेडिओने मूठभर दाणे तिच्या ओंजळीत ओतले. खरंच सोन्यासारखे होते. “बघा तर! चिखलाच्या अंगणात कुठे वाळवणार? तुम्ही म्हणालात तसे वादळात उडालेले पत्रे आणले आणि त्यावर पसरलं. भर दुपारी, तीन दिवस. पत्रा काय तापायचा ताई! अंडं फोडलं असतं तर तळून निघालं असतं.”

बियाणेताई दाण्यांकडे बघत राहिली.

तुम्ही म्हणालात तसे.

ती म्हणालीच होती. घरोघरी जाऊन म्हणाली होती. संस्थेच्या पुस्तिकेत वाळवण्याचा परिच्छेद होता. मंद उन्हात, चटईवर, सारखं हलवत, पाच-सहा दिवस. पण त्या गुरुवारी संस्थेचे साहेब पिंपाचा फोटो काढायला येणार होते आणि पिंप तेव्हा निम्मंही भरलं नव्हतं. चटया पुरात गेल्या होत्या. पत्रे मात्र जिकडेतिकडे पडले होते. ‘पत्र्यावर टाका, झटपट वाळेल,’ हे वाक्य कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं. सुचल्यावर तिला किती हुशार वाटलं होतं!

ओलं बी तापल्या पत्र्यावर. वरून चमकलं, दाताखाली कट् वाजलं, आणि आतला जीव भाजून गेला.

“काय झालं ताई? ऊन लागलं का?”

“काही नाही,” ती म्हणाली. दोन दिवसांत ती दुसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही.

काकूंच्या दारात तिने फक्त शंभर दाणे मागितले. दार किलकिलं झालं. बराच वेळ आत मोजण्याचा पुटपुटता आवाज येत राहिला. मग फटीतून हात बाहेर आला. “शंभर आहेत. मोड आले की परत आणून दे. कुंडीत लावीन.”

दोन गोणपाटं, दोन गुंडाळ्या. सहा दिवस. बारातले सहा असेच जाणार होते, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचं कुणी ऐकणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, आपण चुकलो असू अशी आशा तिला स्वतःलाही होती. त्या सहा दिवसांत काकू विहिरीवर आल्या की बायका कळशा बाजूला घेत. एकदा कुणीतरी त्यांच्या दाराला चिखलाचा गोळा मारला. बियाणेताईने तो पाहिला. काकू घरात नसताना तिने तो खरवडून काढला. खरवडताना इकडेतिकडे बघितलं, आणि त्या बघण्याचीच तिला जास्त लाज वाटली.

सहाव्या दिवशी तिने गुंडाळ्या उलगडल्या. पत्र्यावरचे चार. मडक्यातले त्र्याण्णव.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांच्याकडे असली सव्वीस गावं होती.

“हे बघा मॅडम,” ते म्हणाले, “अहवालात लिहा, एका लाभार्थीचं बियाणं जुनं निघालं. विषय संपला. पुढच्या महिन्यात नवीन पाठवू.”

“पुढच्या महिन्यात पेरणी होत नाही, सर.”

“मग पुढच्या हंगामात. मॅडम, आपणच चुकीचं शिकवलं असं लिहिलंत तर सव्वीस गावांतली पिंपं बंद होतील. एका बाईचं काय, गाव चार दिवसांत विसरेल.”

भिंगरी फोनची वायर चघळत होती. बियाणेताईने ती तिच्या तोंडातून काढली. गाव विसरत नसतं, हे साहेबांना सांगावं असं तिला वाटलं. गाव काकूंची शिंकसुद्धा विसरलं नव्हतं.

“मी बघते, सर,” ती म्हणाली, आणि विहिरीवरचा तोच शब्द आपल्या तोंडून ऐकून थांबली. “नाही, बघत नाही. सांगते त्यांना. आजच.”

दुपारी शाळेच्या खोलीत सगळ्या जमल्या. काकूंना बोलवायला ती स्वतः गेली होती. त्या आल्या, पण दाराबाहेर चपलांपाशीच उभ्या राहिल्या. बियाणेताईने दोन्ही गोणपाटं जमिनीवर शेजारी शेजारी अंथरली. एकावर पांढऱ्या मोडांचं दाट रान, दुसऱ्यावर चिखल.

“हे हिरवं होऊ घातलंय ते आमचं,” कुणीतरी म्हणालं.

“नाही. हे काकूंचं. आणि हे,” तिने दुसऱ्याकडे बोट केलं, “पत्र्यावर वाळवलेलं. चाळीस घरांचं.”

दोघी-तिघी पुढे येऊन गोणपाटांवर वाकल्या.

“म्हणजे आम्हीच आमचं बी भाजून टाकलं?” रेडिओने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

“तुम्ही नाही. पत्र्यावर टाका असं मी सांगितलं. पुस्तिकेत तसं नव्हतं. मला पिंप लवकर भरायचं होतं. विहिरीवर तुम्ही काकूंचं नाव घेतलंत तेव्हाही मी गप्प बसले.” भिंगरी पाठीवर झोपली होती. तिचा गरम श्वास मानेला लागत होता.

“वा!” मागून एक जण म्हणाली. “निम्मं पुराने नेलं, उरलेलं ताईंनी.”

“आम्ही तुमच्या भरवशावर घरात दाणा ठेवला नाही!”

“शिकलेल्या ना त्या. शिकलेल्यांची चूकसुद्धा मोठी.”

ती ऐकत राहिली. एकही वाक्य खोटं नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, पिंपात जे आहे ते ठरल्याप्रमाणे सारखं वाटून टाका, ज्याचं त्याचं नशीब. दोघी-तिघींनी माना हलवल्या.

“वाटा,” दारातून काकू म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. “वाटा की. तीन दाण्यांतला एक जिवंत, आणि तो माझा. एक्केचाळीस ठिकाणी पेरा. मेलेलं कुजेल, त्या कुजक्यात माझंही जाईल. मग पुढल्या पुराला पाण्यात उभं राहायला तुम्हीच जा.”

“मग काय करायचं काकू?” बियाणेताईने विचारलं.

“मला विचारतेस?”

“हो.”

काकू आत आल्या. गोणपाटापाशी बसल्या. आपल्या दाण्यांचे मोड त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच चाचपले, ताप बघावा तसे.

“माझं मला परत द्या म्हटलं असतं. पण आता ते निवडता येत नाही. तेव्हा सगळं भिजवा. मोड आले की एकाच ठिकाणी वाफे करा आणि विरळ टाका, इतकं विरळ की दाण्याला दाणा लागू नये. मेलेल्याची बुरशी जिवंताला लागायला नको. रोज सकाळी वाफ्यावर बसून कुजकं वेचायचं. जी रोपं येतील ती जुडीने नाही, एकेक लावायची. आणि येईल तो दाणा खायचा नाही. सगळा बियाला.”

“खायचा नाही?” एक तरुण बाई उभी राहिली. तिच्या कडेवर भिंगरीएवढंच बाळ होतं. “मग वर्षभर खायचं काय? मदतीचं धान्य महिन्याभरात संपेल.”

काकूंनी गोणपाटाची कड दुमडली. ती बाई उत्तराची वाट बघत थोडा वेळ उभी राहिली, मग बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन निघून गेली.

“पण वाफे घालायचे कुठे?” रेडिओने विचारलं. “खालच्या सगळ्या शेतांवर वाळू बसलीय. काकूंच्या तर गुडघाभर.”

सगळ्यांच्या नजरा रेडिओकडे वळल्या. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं, रेडिओलाही. वाळू न लागलेलं मोठं शेत गावात एकच होतं, वरच्या अंगाला. रेडिओच्या तोंडावर कितीतरी गोष्टी येऊन गेल्या. तिला स्वतःला त्या शेतात काय लावायचं होतं ते कदाचित त्यांत असेल.

“माझ्या शेतात येतील का त्या?” शेवटी तिने विचारलं. काकूंना नाही, बियाणेताईला.

“मी इथेच बसलेय,” काकू म्हणाल्या. “बहिरी नाही. विहिरीवरचंही ऐकू येतं मला.”

रेडिओ लालबुंद झाली. “काकू, माझी जीभ...”

“जीभ राहू दे. नांगर धर.”

चौथ्या दिवशी सकाळी वाफे तयार झाले. पिंपातलं सगळं बी पोत्यांत भिजून, ऊब धरून मोडावलं होतं. तिसरा हिस्सा मोडावला होता, असं म्हणायला हवं. आंबूस वास येत होता. एक्केचाळीस घरांतल्या एकोणतीस घरच्या बायका आल्या. चार घरं मजुरीसाठी बाहेरगावी निघून गेली होती. बाळवाली तरुण बाई त्यांतच होती. जाताना ती शाळेवरून गेली, आणि बियाणेताईने हाक मारली तरी तिने मागे पाहिलं नाही. बाकीच्या का आल्या नाहीत, ते बियाणेताईने विचारलं नाही.

काकू वाफ्याच्या कडेने उलट्या चालत होत्या. चिमटीतून दाणे सोडत, प्रत्येकीच्या हातावर नजर ठेवत. “मुठीने नाही गं, चिमटीने! मीठ घालतेस का?” रेडिओ त्यांच्या पुढ्यात निमूट माती सारखी करत होती. आभाळ भरून आलं होतं. जोराची सर आली तर मोडावलेलं बी वाहून एका कोपऱ्यात जमणार होतं, आणि झाकायला शेतात काहीच नव्हतं. दर थोड्या वेळाने कुणीतरी वर बघे आणि न बोलता हात भरभर चालवी.

दुपारी बियाणेताई बांधावर बसून अहवाल लिहू लागली. आज तो गेला नसता तर साहेबांनी त्यांचा लिहिला असता. काकू हात धुऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागदाकडे त्या अशा बघत होत्या की अक्षरांनीच घाबरावं.

“वाच.”

तिने वाचलं. “पिंपातील बियाण्याची उगवण शंभरात एकतीस. कारण, तापलेल्या पत्र्यावर वाळवण. ही सूचना माझी होती. मडक्यात राखेत ठेवलेल्या बियाण्याची उगवण शंभरात त्र्याण्णव. यापुढे कोणाचंही सगळं बी एका पिंपात घेऊ नये.”

“हे शेवटचं कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. अकरा दिवस सांगत होतात.”

काकूंनी कागदाच्या कडेला बोट टेकवलं. मग विचारलं, “माझे सात का मेले?”

“कुठले सात?”

“शंभरातले त्र्याण्णव आले. सात मेले ते कशाने, ते लिही.”

“ते... माहीत नाही, काकू.”

“मग माहीत नाही असं लिही. सगळं माहीत असल्यासारखं लिहून लिहून तर इथवर आलीस.”

वाऱ्याने कागद फडफडला. बियाणेताईने त्यावर कोपर टेकवलं आणि लिहिलं.